फीची एफडी आणि चार्टवरचा ब्रेकआउट

मुलुंडच्या एका वाचक भगिनी, वय 44, अंधेरीत खाजगी नोकरी. त्या विचारतात: "टेक्निकल ॲनालिसिसचा, म्हणजे चार्टवरून भावाचा अंदाज बांधण्याचा, शनिवार-रविवारचा क्लास केला. 1 लाखावर तीन महिन्यांत 14 हजार सुटले. मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवलेली 8 लाखांची एफडी मोडून तेही ट्रेडिंगला लावू का? तिची बारावी दोन वर्षांनी आहे."

ताई, एफडीला हात लावू नका. ट्रेडिंग बंद करा, असं मात्र म्हणत नाही.

त्या तीन महिन्यांत निफ्टी, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, किती चढला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चढत्या बाजारात 20 आणि 50 दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजचा क्रॉसओव्हर, म्हणजे सरासरी भावाच्या या दोन रेषा एकमेकींना छेदतात तो इशारा, बहुतेकांना पैसे देतो. बाजार आडवा झाला की तोच वर घ्यायला आणि खाली विकायला लावतो, आणि खर्च प्रत्येक फेरीला लागतोच. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात घेऊन ठेवले तर, खरेदीवर 0.1 टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), विक्रीवर पुन्हा 0.1 टक्का. 8 लाख महिन्यातून दोनदा फिरवले तर वर्षाला सुमारे 38 हजार नुसता एसटीटी, म्हणजे भांडवलाच्या जवळपास 5 टक्के! ब्रोकरेज, स्टॅम्प ड्युटी, डीमॅट खात्याचे डीपी चार्जेस वेगळे. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के कर. शिवाय एफडीचं व्याज बुडालं ते बुडालंच.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्रीची ऑर्डर, आहे ना, असं तुम्ही म्हणाल. 3 जून 2024 ला निफ्टी 3 टक्क्यांहून जास्त उसळून विक्रमी पातळीवर बंद झाला. इतका देखणा ब्रेकआउट, म्हणजे अडलेली पातळी ओलांडून वर जाणं, क्वचितच दिसतो. दुसऱ्या दिवशी लोकसभेचा निकाल लागला आणि निफ्टी जवळजवळ 6 टक्के कोसळला. शेअर तुमच्या स्टॉप लॉसच्या खालीच उघडला, तर मिळेल त्या भावाला सुटावं लागतं. फीच्या पैशात ही जोखीम नको.

चार्ट मला उपयोगी वाटतो तो किती शेअर घ्यायचे हे ठरवायला. 1 लाखावर एका सौद्यात फार तर 1,000 रुपये गेले तर चालतील, असं धरा. शेअर 500 ला, सपोर्टखालचा (भाव सहसा जिथे सावरतो त्या पातळीखालचा) स्टॉप 480 ला. म्हणजे शेअरमागे 20 रुपये, म्हणून 50 शेअर, 25 हजारांचे. मोह झाला तरी 51 वा नको.

सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा तुम्ही घाटकोपरला मेट्रोच्या रांगेत असणार, तेव्हा इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, विषयच नको. बाजार नियामक सेबीच्या पाहणीत 2022-23 मध्ये कॅश बाजारात इंट्राडे करणाऱ्या 10 पैकी 7 जणांना तोटा झाला. एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये) 2021-22 ते 2023-24 या काळात 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. तुम्ही रात्री जेवणं उरकल्यावर चार्ट बघा आणि दुसऱ्या दिवसाची ऑर्डर तेव्हाच लावून ठेवा.

त्याच 1 लाखावर अजून वर्षभर ट्रेडिंग करा. प्रत्येक सौदा का घेतला, ते वहीत लिहा. वर्षअखेरीस खर्च आणि कर वजा करून उरलेला आकडा निफ्टी इंडेक्स फंडाशी, म्हणजे निफ्टीचीच नक्कल करणाऱ्या फंडाशी, ताडून पाहा. तोवर क्लासवाल्यांनी पुढच्या लेव्हलची फी मागितली तर भरू नका.