देव कुठून आला? : शब्दाच्या बाजूने एक उत्तर

प्रश्न असा आला आहे: ‘सगळं देवानं केलं, तर देव कुठून आला, असं आठ वर्षांच्या नातवानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पण निदान ‘देव’ हा शब्द तरी कुठून आला? देतो तो देव, असं लहानपणापासून ऐकत आले आहे. ते बरोबर आहे का? आणि इंग्रजीतला ‘डेव्हिल’ आपल्या ‘देव’वरूनच निघाला, हे खरं का?’

‘डेव्हिल’चं आधी मिटवू, कारण ते सोपं आहे. त्याचा ‘देव’शी काही संबंध नाही. तो ग्रीक ‘दिआबोलोस’पासून आला. या ग्रीक शब्दाचा अर्थ निंदा करणारा, खोटे आरोप करणारा. पुढे लॅटिनमधून युरोपच्या इतर भाषांत जाताना तो झिजत झिजत ‘डेव्हिल’ झाला. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही. तरीही हा गैरसमज टिकून आहे, आणि त्याच्या शेजारी एक खरी गोष्ट आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

आता ‘देतो तो देव’. ही व्युत्पत्ती कुणी आज रचलेली नाही. वेदातल्या शब्दांची फोड करणारा ‘निरुक्त’ हा प्राचीन ग्रंथ यास्कांचा. त्याच्या सातव्या अध्यायात त्यांनी ‘देव’ शब्दाची फोड अशी केली आहे: ‘देवो दानाद्वा दीपनाद्वा द्योतनाद्वा द्युस्थानो भवतीति वा’. देतो म्हणून देव, किंवा उजळवतो म्हणून, किंवा स्वतः प्रकाशतो म्हणून, किंवा द्युलोकात राहतो म्हणून. चार पर्याय, आणि प्रत्येकापुढे ‘वा’. मला हा ‘वा’ फार आवडतो. एका शब्दाची चार उत्तरं एका ओळीत मांडून यास्क थांबतात, एकावर शिक्का मारत नाहीत. म्हणजे तुम्ही लहानपणी ऐकलं त्याला निरुक्ताचा आधार आहे. फक्त ध्वनींच्या हिशेबात ते बसत नाही. ‘दा’ धातूपासून दान, दाता, दत्त, दाय असे शब्द होतात, ‘देव’ होत नाही. मराठीत ‘देणे’ हे क्रियापद शेजारीच असल्यामुळे आपल्या कानाला हे साम्य जास्तच पटतं, एवढंच.

आजचे भाषाभ्यासक यास्कांच्या चौथ्या पर्यायाच्या सर्वांत जवळ आहेत. देव म्हणजे द्यूचा, उजळ आकाशाचा. संस्कृतात आकाशासाठी आणि दिवसासाठी एकच जुना शब्द आहे. प्रथमेत तो ‘द्यौः’ होतो, सप्तमीत ‘दिवि’. त्यावरूनच दिवस, दिव्य आणि दिवंगत हे शब्द आले. दिवंगत म्हणजे ‘दिवम्’, आकाशाकडे, गेलेला. ज्यांनी हा शब्द प्रथम वापरला त्यांना देव म्हणताना कुणी निर्माता अभिप्रेत नव्हता. वर पाहिलं की दिसतं ते उजेडाचं जग, आणि त्या जगातले ते देव, अशी ती कल्पना होती.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘दिव्’ला दहा अर्थ दिले आहेत: क्रीडा, विजिगीषा, व्यवहार, द्युती, स्तुती, मोद, मद, स्वप्न, कांती, गती. यातला पहिला अर्थ खेळण्याचा आहे. ‘द्यूत’ त्यातलाच, आणि ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात ‘अक्षैर्मा दीव्यः’, फासे खेळू नकोस, असं म्हटलं आहे ते याच क्रियापदाने. खेळणारा तो देव, जग ही त्याची लीला, असं सुंदर निरूपण यावरून करता येतं, आणि केलंही जातं. शब्दाच्या इतिहासात मात्र खेळणं आणि प्रकाशणं हे दोन वेगळे धातू असावेत आणि रूप सारखं असल्याने एका नोंदीत आले असावेत, असं मानलं जातं.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना. आपला ‘दिवा’ या घराण्यातला वाटतो, पण तो ‘दीपक’पासून प्राकृत ‘दीवअ’मार्गे आला आहे. दिवाळी ही दीपावली. त्यांचा धातू ‘दीप्’. आणि ‘दीर’, म्हणजे संस्कृत ‘देवर’, याचाही देवाशी संबंध नाही. निरुक्तात ‘देवर’ची फोड ‘द्वितीयो वर’ अशी आढळते, पण तो नात्याचा अतिप्राचीन स्वतंत्र शब्द आहे. लॅटिनमध्ये दिराला ‘लेव्हिर’ म्हणत आणि ग्रीकमध्ये ‘दाएर’. ही त्याचीच भावंडं.

खरी भावंडं ओळखायची तर लॅटिन ‘देउस’ आणि लिथुआनियन ‘दिएवास’ पाहा. दोन्हींचा अर्थ देव. लॅटिनमध्ये दिवसाला ‘दिएस’ म्हणतात, म्हणजे देव आणि दिवस यांची तिथेही तीच जोडी. आपला ‘द्यौष्पिता’, म्हणजे आकाश हाच पिता, ग्रीकांचा ‘झ्यूस’ आणि रोमनांचा ‘जुपिटर’ हे एकाच नावाचे तीन अवतार आहेत. जुपिटरमधला शेवटचा तुकडा ‘पितर’ आहे हे एकदा दिसलं की पुन्हा नजरेआड होत नाही. पण ग्रीकमध्ये देवासाठी जो सामान्य शब्द आहे, ‘थेओस’, तो लॅटिन ‘देउस’सारखा दिसत असला तरी त्याचा कुणी नाही. दिसण्यावर जाऊ नये याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. ‘देव’ या शब्दाचा अर्थ खरोखरच एका शेजारच्या घरात उलटा झाला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘दएव’ म्हणजे पूजेला अपात्र, खोटा देव, आणि पुढे थेट दुष्ट शक्ती. फारसीत ‘दिव’ म्हणजे राक्षस. फारसी कथांतला वीर रुस्तम ज्याला मारतो तो ‘दिव-ए-सफेद’, पांढरा राक्षस. उर्दू गोष्टींत ‘देव’ येतो तोही अवाढव्य राक्षसच असतो. इराणचा सम्राट क्षयार्ष, ज्याला ग्रीक झर्क्सीस म्हणतात, याने पर्सेपोलिसच्या एका शिलालेखात सांगितलं आहे की जिथे पूर्वी दैवांची पूजा होई, ते ‘दैवदान’ मी उद्ध्वस्त केलं. या ‘दान’चा देण्याशी संबंध नाही. ते आपलं ‘धान’, ठेवण्याची जागा, राजधानीतलं. वाचणारा मराठी माणूस दचकतो, कारण शब्द सगळे ओळखीचे आहेत आणि वाक्य मात्र आपल्या विरुद्ध बाजूचं आहे.

आपल्याकडे याचा आरसा म्हणजे ‘असुर’. इराणमध्ये ‘अहुर’ हा परमेश्वर झाला, अहुर मज्द. ऋग्वेदाच्या जुन्या भागांत वरुण, अग्नी, इंद्र यांना ‘असुर’ म्हटलं आहे ते गौरवाने. नंतर अर्थ फिरला, मग लोकांनी त्या शब्दातला ‘अ’ नकाराचा मानला आणि उरलेल्या भागापासून ‘सुर’ म्हणजे देव असा नवा शब्द तयार केला. म्हणजे आधी असुर, मग सुर. ‘विधवा’तून ‘धव’ म्हणजे पती असा शब्द असाच मागून काढला गेला असं मानतात. ‘विधवा’ मुळात अखंड शब्द आहे, वि आणि धव अशी ती जोडणी नाही.

हे सगळं ‘देव’बद्दल झालं. पण नातवाच्या प्रश्नाचा विचार करताना मला बाकीच्या नावांकडेही पाहावंसं वाटलं, कारण प्रत्येक नावात माणूस देवाकडे कुठून पाहत होता ते उमटलेलं आहे. ‘भगवान’मध्ये ‘भग’ आहे, म्हणजे वाटा. धातू ‘भज्’, वाटून देणं. भाग, भाग्य, विभक्त, आणि भक्त, भक्ती हे सगळं त्याच ताटातलं. भक्त म्हणजे मुळात वाटेकरी. रशियनमध्ये देवाला ‘बोग’ म्हणतात आणि श्रीमंताला ‘बोगाती’. जुन्या फारसीत देव म्हणजे ‘बग’. उजेड पाहणाऱ्याने ‘देव’ म्हटलं, वाटा मिळालेल्याने ‘भगवान’ म्हटलं.

‘ईश्वर’ वेगळ्या दारातून येतो. ‘ईश्’ म्हणजे सत्ता असणं, समर्थ असणं. त्याला ‘वर’ हा प्रत्यय लागतो. हा ‘श्रेष्ठ’ अर्थाचा ‘वर’ नव्हे. पाणिनीच्या सूत्रात तो ‘वरच्’ म्हणून आला आहे, ‘भास्वर’ आणि ‘स्थावर’ यांतला. ईश्वर म्हणजे धनी, मालक, राजाही. फारसी ‘खुदा’ची तऱ्हा अशीच, मूळ अर्थ स्वामी. ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा स्वामी, आणि मराठीत होडीच्या तांडेलाला ‘नाखवा’ म्हणतात तो हाच शब्द. नाखव्याच्या नावात खुदा बसलेला आहे हे कळलं त्या दिवशी मी फार खूश होतो.

इंग्रजी ‘गॉड’बद्दल दोन मतं आहेत. एका मताने तो ज्याला हाक मारतात तो, दुसऱ्या मताने ज्याच्यासाठी आहुती ओततात तो. संस्कृतात त्यांचे जोडीदार ‘हूत’ आणि ‘हुत’. इंद्राचं ‘पुरुहूत’, पुष्कळांनी बोलावलेला, हे विशेषण आठवून पाहा. ‘गॉड’चं पहिलं मत बरोबर असेल तर ही दोन नावं सख्खी ठरतात.

एक व्याकरणाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. देव पुल्लिंगी, देवता स्त्रीलिंगी, दैवत नपुंसकलिंगी. ‘देवात्तल्’ या सूत्राने ‘देव’ला ‘तल्’ लागतो, अर्थ तोच राहतो, पण हा प्रत्यय शब्दाला स्त्रीलिंगी करतो. म्हणून अग्नी पुरुष असूनही ‘अग्नी ही देवता’ असंच म्हणायचं. ‘दैव’ही ‘देव’वरूनच आला, देवाचं ते दैव. मराठीत मात्र त्याने इतका वेगळा संसार थाटला आहे की ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ म्हणताना देव कुणाला आठवत नाही. आणि देवकुलाचं ‘देऊळ’ झालं, जसं राजकुलाचं ‘राऊळ’.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘देव कुठून आला’ हे विचारणं उर्मटपणाचं आहे असं घरात कुणी म्हटलं असेल तर नातवाला सांगा की ऋग्वेदात हा प्रश्न जवळजवळ त्याच्याच शब्दांत आहे. दहाव्या मंडलातलं 129वं, नासदीय सूक्त: ‘कुत आजाता कुत इयं विसृष्टिः’, ही सृष्टी कुठून झाली? आणि लगेच पुढे: ‘अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन’. ‘अर्वाक्’ म्हणजे अलीकडचे. देव या निर्मितीच्या अलीकडचे आहेत, मग ती कुठून झाली हे कोण जाणतो? म्हणजे या ऋषीच्या बोलण्यात ‘देव’ला आरंभ आहे. त्याच मंडलातल्या 72व्या सूक्तात देवांचे जन्म सांगायला घेतले आहेत आणि तिथे अदितीपासून दक्ष झाला, दक्षापासून अदिती झाली, असं म्हटलं आहे. आई आधी की मूल आधी? यास्कांनाही हे खटकलं, आणि त्यांनी देवांचं हे वैशिष्ट्यच मानलं: ‘इतरेतरजन्मानः’, एकमेकांपासून जन्मणारे.

पुढे ज्याला आरंभ नाही असं काही म्हणायची गरज पडली तेव्हा ‘देव’ हा शब्द पुरेना. मग ‘अज’, ‘अनादि’, ‘स्वयंभू’ असे शब्द आले. (बोकड या अर्थाचा ‘अज’ वेगळा, तो ‘अ’ आणि ‘ज’ असा फोडायचा नाही.) हे शब्द नीट पाहा. यात उजेड नाही, वाटा नाही, हाक नाही. ‘कुठून आला’ या प्रश्नाला दिलेली ही थेट उत्तरं आहेत: आलाच नाही, आधी काही नव्हतंच, आपला आपण झाला. मराठीने हा फरक फार लवकर जपला. महानुभाव पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगळे पदार्थ मानले आहेत. तिथे देवता म्हणजे परमेश्वर नव्हे. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी ‘आद्या’ आणि ‘स्वसंवेद्या’ या हाकांनी उघडते, ज्याच्या आधी काही नाही आणि जो स्वतःलाच कळतो असा तो. दुसऱ्या ओवीत ‘देवा तूंचि गणेशु’ येतं, आणि पुढच्याच चरणात त्याला मतीचा प्रकाश म्हटलं आहे. आरंभाचा शब्द आणि उजेडाचा शब्द, दोन्ही एका दमात.

रोजच्या बोलण्यात आपण हे सगळे अर्थ एकट्या ‘देव’वर टाकतो, आणि नातू अडखळला तो इथेच. तो ‘अज’बद्दल विचारत नव्हता. त्याच्याकडे ‘देव’ हा एकच शब्द होता, आणि त्या शब्दाला ‘कुठून’ विचारता येतं. शब्द कुठून आला याचं उत्तर मी देऊ शकतो: आकाशातून, उजेडातून. त्या शब्दाने ज्याला हाक मारायची तो कुठून आला, हे शब्दाची फोड करून निघत नाही, आणि निघतं असं कुणी सांगितलं तर मानू नका. नासदीय सूक्ताची शेवटची ओळ त्याला वाचून दाखवा. या सृष्टीवर परम आकाशातून ज्याची देखरेख आहे त्याच्याबद्दल ती आहे: ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’. त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.