आईचा मार आणि आजचे डोळे

प्रश्न : लहानपणी आजीच्या मांडीवर बसून पाहिलेला ‘श्यामची आई’ नुकताच माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर पुन्हा पाहिला. पोहायला जायला भिणाऱ्या श्यामला आई मारते, ते पाहून मी फार अस्वस्थ झाले. तेव्हा मला हे का खटकले नाही?

उत्तर : तेव्हा आपण श्यामच्या वयाच्या होतात, आता आईच्या वयाच्या आहात. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आठवणींवरून आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये केलेला हा चित्रपट राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला कथापट ठरला, परंतु म्हणून त्यातला मार आजही मान्य करावा, असे मुळीच नाही. मुलीला तसे स्पष्ट सांगा. मात्र गुरुजींनी त्याच आठवणीत पुढे लिहिलेले वळांवर तेल लावणारे आईचे हातही तिला दाखवा, कारण कर्जाने पिचलेल्या घरातली, मुलाने भित्रा राहू नये म्हणून कासावीस झालेली ती बाई लहानपणी आपल्याला दिसतच नाही. मला स्वतःला ती चाळिशीनंतर दिसली, आणि आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचा अभिनय तेव्हा खरा कळला.