नव्या पायलटला ट्रेनिंगच्या काळात पगार किती मिळतो आणि काम कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की को-पायलट म्हणून निवड झाली आहे आणि ट्रेनिंगभर स्टायपेंड मिळेल असं पत्रात आहे. तेवढ्यात भागेल का, काम कितपत दमवतं आणि हातातली इन्स्ट्रक्टरची नोकरी आत्ताच सोडावी का, हे तुमचे प्रश्न. मी बरीच वर्षं उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर काढून आता डावीकडे कॅप्टन म्हणून बसतो, नव्या मुलामुलींना लाइन ट्रेनिंगही, म्हणजे प्रवासी असलेल्या खऱ्या उड्डाणांवरचं शिक्षणही देतो. माझं म्हणणं एवढंच, की पत्रातला आकडा नंतर बघा, आधी तारखा बघा.

पूर्ण पगार बहुतेक ठिकाणी लाइन रिलीजनंतर सुरू होतो, म्हणजे शेवटचा चेक पास होऊन तुम्ही कुठल्याही कॅप्टनबरोबर उडू शकता तेव्हा. त्याआधी ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, रिकाम्या विमानावर टेक-ऑफ-लँडिंगचा सराव, लायसन्सवर टाइप रेटिंगची (त्या प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीची) नोंद आणि मग लाइन ट्रेनिंग. कागदावर हे काही महिन्यांत उरकतं. प्रत्यक्षात सिम्युलेटरचा, म्हणजे ‘सिम’चा स्लॉट मिळत नाही, परीक्षक रजेवर जातो, लायसन्सची फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते. उशीर त्यांचा, खिसा तुमचा. ट्रेनिंग लांबलं तर स्टायपेंड चालू राहतो का, हे लेखी विचारून घ्या.

दुसरी गोम ब्लॉक अवर्सची. बऱ्याच कंपन्यांत ठरावीक रक्कम वेगळी आणि उडालेल्या तासांचे पैसे वेगळे. हे तास विमान जागेवरून हलल्यापासून उड्डाण संपवून थांबेपर्यंतच मोजतात. ब्रीफिंग, हवामान आणि इंधनाचे कागद, टॉर्च घेऊन विमानाभोवती मारलेली फेरी, उशिरा येणाऱ्या प्रवाशांसाठी दार उघडं ठेवून बसणं, यातलं काही त्यात धरत नाहीत. सिममध्ये तर ब्लॉक अवर शून्यच. म्हणून मुलाखतीत कानावर पडलेला पगार हा भरपूर उडणाऱ्या माणसाचा असतो. किमान तासांची हमी किती आणि ती ट्रेनिंगमध्ये लागू आहे का, हे बघा.

आता दमण्याचं. सिम्युलेटर महागडं यंत्र, ते रात्रंदिवस चालवतात. रात्री दोनचा स्लॉट तुमच्या वाट्याला आला तर नवल नाही. सेशन साधारण चार तासांचं, अर्धा वेळ तुम्ही उडवता, अर्धा वेळ जोडीदार. आधी ब्रीफिंग, नंतर डीब्रीफिंग. पहाटे डोकं बधिर झालेलं असताना वेग व्ही-वन, म्हणजे ज्यापुढे टेक-ऑफ थांबवता येत नाही ती मर्यादा, ओलांडतो आणि मागे बसलेला इन्स्ट्रक्टर डावं इंजिन बंद पाडतो. नाक डावीकडे ओढलं जातं, उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) द्यायचा आणि हातांनी घाई करायची नाही. बिनसलं की तो फ्रीजचं बटण दाबून सिम थांबवतो, तुम्ही पुन्हा धावपट्टीच्या टोकाला. खोलीवर आल्यावरही सुटका नसते. भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर चिकटवलेलं असतं, त्यावर बोट फिरवत फ्लो, म्हणजे बटणं-स्विच हाताळण्याचे ठरलेले क्रम, घोकायचे. या दिवसांत फावल्या वेळात चार पैसे जोडू असं मनात असेल तर ते काढून टाका.

लाइन ट्रेनिंगमध्ये सुरुवातीला मागच्या सीटवर सेफ्टी पायलट असतो, प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे एकेका उड्डाणावर शेरा लिहिला जातो. तासांना कायद्याची मर्यादा असते. युरोपात 28 दिवसांत 100 तास उड्डाण आणि 190 तास ड्युटी, आणि ट्रेनिंग ड्युटीत धरतात. पण बेसपर्यंतचा, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते त्या विमानतळापर्यंतचा तुमचा प्रवास कुणी मोजत नाही. 12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं 3407 क्रमांकाच्या उड्डाणावरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या (पंखांची उचल जाण्याच्या) इशाऱ्यावर केलेली उलटी कृती. पण चौकशीत हेही पुढे आलं, की तुटपुंज्या पगारावरची को-पायलट सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्कच्या बेसवर आली होती. त्यानंतर तिथे विश्रांतीचे नियम कडक झाले आणि को-पायलटलाही सर्वसाधारणपणे 1,500 तासांची अट लागली. तेव्हा हिशेब करताना बेसजवळच्या खोलीचं भाडं धरूनच करा, लांबून ये-जा करून वाचवू नका.

बॉण्ड, म्हणजे नोकरी मधेच सुटली तर ट्रेनिंगचा खर्च परत करण्याचा करार, वकिलाला दाखवा, मित्राला नव्हे. रक्कम दर महिन्याला कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते? मेडिकल प्रमाणपत्र गेलं, चेकमध्ये नापास झालात किंवा कंपनीनेच काढलं तर काय? माझ्या ओळखीच्या एका मुलाला कंपनीने प्रोबेशनमध्ये घरी पाठवलं आणि वर वसुलीची नोटीसही धाडली. लाइन ट्रेनिंगच्या तासांसाठी उलट तुमच्याकडेच पैसे मागत असतील तर सरळ नकार द्या. याला ‘पे टू फ्लाय’ म्हणतात. प्रवासी तिकिटाचे पैसे भरतात आणि त्यांना नेणारा को-पायलटही भरतो, हा धंदा मला आजवर पटलेला नाही. युरोपातल्या पायलट संघटनाही याविरुद्ध सतत बोलतात.

राहिली इन्स्ट्रक्टरची नोकरी. कोर्स सुरू होण्याची तारीख लेखी हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. निवड झालेले उमेदवार यादीत महिनोन्‌महिने ताटकळतात आणि त्या काळात एक पैसा मिळत नाही. 2020 मध्ये तर कोर्सच थांबले आणि कित्येक जण यादीतच राहिले. तुमचा नोटीस पीरियड किती आहे ते आत्ताच एचआरला कळवा आणि तेवढे दिवस आधी तारीख मागा.