जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार किती उरल्या?

प्रश्न : एमजीबी किंवा ट्रायम्फ टीआर६ आज किती शिल्लक असतील, हे कसं काढायचं?

उत्तर : उत्पादनाच्या आकड्याला अंदाजे टक्का लावू नका. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक बनल्या, पण बऱ्याचशा अमेरिकेत गेल्या. म्हणून आधी देशवार विभागणी करा. ब्रिटनसाठी डीव्हीएलएच्या, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याच्या, नोंदींतल्या कर भरलेल्या आणि ‘सॉर्न’ केलेल्या, म्हणजे रस्त्यावर चालवत नसल्याचं कळवलेल्या गाड्या एकत्र मोजा. सॉर्न १९९८मध्ये सुरू झालं. त्याआधीपासून कोठारात पडून असलेल्या गाड्या त्यात सापडत नाहीत. एकाच मॉडेलची नावंही वेगवेगळी लिहिलेली असतात, ती सगळी शोधा.

खरी मदत होते ती दोन स्वतंत्र याद्यांची, उदाहरणार्थ दोन मालक-क्लबांच्या. समजा, एका यादीत ४००, दुसरीत ३०० गाड्या आणि दोन्हींत ६० सामाईक. म्हणजे दुसरीतली दर पाचवी गाडी पहिलीत आहे, तेव्हा पहिली यादी एकूण गाड्यांचा साधारण पाचवा हिस्सा धरायची. मग ४०० × ३०० ÷ ६० = २,००० हा अंदाज. जुळणी चासी क्रमांकावरूनच करा, कारण नंबरप्लेट बदलते. तेच हौशी मालक दोन्हीकडे असतील तर सामाईक आकडा फुगतो आणि अंदाज कमी येतो.

नव्या बॉडीशेलवर, म्हणजे नव्या बनवलेल्या सांगाड्यावर, उभी केलेली एमजीबी ‘उरलेली’ धरायची का, हे मात्र मोजणीआधीच ठरवा.