‘मी’ म्हणू की ‘आम्ही’?

तुझं पत्र दोनदा वाचलं. संख्याशास्त्राचं शेवटचं सत्र आणि पुढच्या पाच आठवड्यांत तीन मुलाखती: जपानी कंपनीची माणसं प्रत्यक्ष भेटणार, जर्मन आणि अमेरिकन ऑनलाइन. वडील सांगतात, नम्र राहा, विचारलं तेवढंच बोल. मैत्रीण सांगते, स्वतःला विकता आलं पाहिजे. सोबत तू देशोदेशींच्या शिष्टाचारांची यादी जोडली आहेस आणि विचारते आहेस की ही पाठ करू का. अगदी शेवटी, घाईघाईत लिहिल्यासारखी, एक ओळ आहे: ‘लग्नाचं विचारलं तर काय सांगू?’

जपानमध्ये किती अंशांत वाकायचं, हे त्या यादीत पहिलं आहे. ते आधी खोड. कंपास घेऊन कुणी बसलेलं नसतं. पण तिथल्या मुलाखतीचा एक ठरलेला क्रम आहे आणि तो एकदा करून पाहिलास तर निम्मी भीती जाईल. ओव्हरकोट असेल तर तो इमारतीत शिरण्याआधीच काढून हातावर घ्यायचा. दारावर तीनदा टकटक करायची, दोनदा नाही; दोनदा स्वच्छतागृहाच्या दारावर करतात, असं तिथे मुलांना शिकवतात. आत जाताना ‘शित्सुरेई शिमासु’ म्हणायचं, म्हणजे साधारण ‘आगाऊपणाची क्षमा असावी’. खुर्चीशेजारी उभं राहायचं, बसा म्हटल्यावर बसायचं, बॅग खाली जमिनीवर ठेवायची. व्हिजिटिंग कार्ड मिळालं तर दोन्ही हातांनी घेऊन नीट वाचायचं आणि टेबलावर समोर ठेवायचं. खिशात कोंबायचं नाही, त्यावर पेनानं काही खरडायचं तर अजिबात नाही.

आणखी एक गंमत. ‘आपली कंपनी’, म्हणजे समोरच्याची, असं म्हणायला जपानीत दोन शब्द आहेत: लिहिताना ‘किशा’, बोलताना ‘ओन्शा’. कारण नुसत्या कानानं ऐकलं तर ‘किशा’ म्हणजे आगगाडीही होते आणि पत्रकारही. यातलं तुझं काही चुकलं तरी चालेल, परदेशी उमेदवाराला सूट मिळते. ‘आमचीच कंपनी का?’ या प्रश्नाला मात्र सूट नाही. तिथल्या ‘रिरेकिशो’ या छापील बायोडाटातच त्यासाठी बहुधा वेगळा रकाना असतो. तिथे ‘मोठी कंपनी, चांगली संधी’ असं लिहिलंस तर तू काहीच लिहिलं नाहीस असं समज.

आता वडील आणि मैत्रीण यांच्या भांडणाकडे येऊ. दोघंही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या टेबलांवर.

मी विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती घेते, तेव्हा कागदावर दोन रकाने आखते: ‘मी’ आणि ‘आम्ही’. मागे एका मुलीला तिच्या प्रकल्पाबद्दल विचारलं. चार मिनिटांत ‘आम्ही’च्या रकान्यात एकोणीस रेघा, ‘मी’च्या रकान्यात एक, आणि तीही ‘मी सांगते’ मधली. आम्ही डेटा गोळा केला, आम्ही मॉडेल बदललं, आम्हाला लक्षात आलं. सगळं खरं होतं. पण मॉडेल बदलायला हवं हे तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं आणि त्यासाठी ती गाइडशी दोन आठवडे वाद घालत होती, हे मला उकरून काढावं लागलं. आपल्या भाषेत ‘मी केलं’ म्हणणं कानाला खटकतं, म्हणून आपण एकट्यानं केलेलंही सगळ्यांत वाटून टाकतो. अमेरिकन मुलाखतकार ते उकरून काढत बसणार नाही. तो समजेल की या मुलीनं फार काही केलेलं नाही.

अमेरिकन आणि ब्रिटिश कंपन्यांत ‘अमुक प्रसंग सांगा’ अशा धर्तीचे प्रश्न फार. परिस्थिती काय होती, तुझ्यावर काय काम होतं, तू काय केलंस, त्यातून काय निघालं, या क्रमानं उत्तर हवं असतं. तिसऱ्या टप्प्यात ‘मी’ हवाच, आणि चौथ्यात आकडा असेल तर फारच बरं. जपानी टेबलावर हाच प्रसंग सांगताना सुरुवात गटापासून कर, मग गटात तुझी जागा कोणती होती ते सांग. स्वतःबद्दल तिथेही बोलावं लागतं, त्याला ‘जिको पीआर’ असं नावच आहे. फक्त इतरांना झाकून टाकायचं नाही. जर्मन मंडळींना दोन्हीपेक्षा तिसरंच हवं असतं. तुझ्या दाव्याला पुरावा काय? ‘मी फार मेहनती आहे’ हे वाक्य तिथे वाया जातं. आणि त्रुटी विचारली तर खरी त्रुटी सांग. ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर ऐकून ऐकून सगळ्यांचेच कान किटले आहेत.

जर्मनांबद्दल थोडं आणखी. समोरच्याला आडनावानं आणि आदरार्थी ‘झी’नं संबोधायचं, ‘दू’ म्हणू या, असं त्यांनी सुचवू दे. आपल्या अहो-अरे सारखंच आहे, त्यामुळे तुला ते जड जाऊ नये. कागदपत्रांची मात्र त्यांना भारी हौस. तिथे नोकरी सोडताना मिळणाऱ्या प्रशस्तिपत्राची भाषा म्हणजे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ‘यांनी प्रयत्न केले’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘जमलं काहीच नाही’ असा घेतात. तुझ्या इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटमध्ये असलं एखादं सौजन्याचं वाक्य नाही ना, ते बघून घे.

वेळेचं पक्कं कर. युरोपात घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्याच रविवारी. म्हणजे त्यांची तीच वेळ आपल्या घड्याळात एक तास आधी येते. तुझ्या दोन्ही ऑनलाइन मुलाखती नेमक्या याच दिवसांच्या आसपास आहेत. माझा एक विद्यार्थी इस्त्री केलेला शर्ट घालून, पाच मिनिटं आधी म्हणून, प्रत्यक्षात पंचावन्न मिनिटं उशिरा हजर झाला होता. पॅनेल निघून गेलं होतं. तारखाही तपास: अमेरिकन ई-मेलमधलं ०४/०३ म्हणजे ३ एप्रिल. आणि जर्मन माणूस फोनवर ‘हाल्प द्राय’ म्हणाला तर शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे अडीच. इंग्रज ‘हाफ थ्री’ म्हणतो तेव्हा साडेतीन. शंका आली तर कोणत्या शहराची वेळ ते लिहून विचार. तसं विचारणं तिन्ही ठिकाणी नीटनेटकेपणाचं लक्षण मानतात.

आता ती शेवटची ओळ. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यानं वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे, म्हणून तिथल्या जाणत्या कंपन्या लग्न-मुलांचा विषय काढत नाहीत आणि बायोडाटावर फोटो नको म्हणतात. तुझ्या बायोडाटातली जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो, सगळं त्या प्रतीतून काढ. जर्मनीत २००६च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपनी फोटोचा आग्रह धरू शकत नाही, तरी लावणारे बरेच आहेत. तिथे गर्भारपणाबद्दल विचारलं आणि बाईनं खोटं उत्तर दिलं, तर त्या कारणावरून तिला काढता येत नाही, इथवर तिथली न्यायालयं गेली आहेत. दक्षिण कोरियात तर २०१९पासून उंची-वजन, वैवाहिक स्थिती किंवा आईवडिलांचा व्यवसाय, यांचा कामाशी संबंध नसताना ही माहिती मागणाऱ्या कंपनीला पन्नास लाख वॉनपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा तुझ्या बाजूनं असला तरी प्रश्न येणारच नाही असं नाही. जपानी मुलाखतीत, विशेषतः वयस्कर माणसाकडून, तो गप्पांच्या ओघात येऊ शकतो. वाद घालू नकोस, पण घरची हकिकतही सांगत बसू नकोस. ‘बदली होऊन राहण्यात मला काही अडचण नाही’ एवढं म्हण आणि कामाकडे वळ. बहुतेकदा त्यांना तेवढंच हवं असतं. पुन्हा विचारलं, तर त्या कंपनीबद्दल तुलाच काहीतरी कळलं.

मुलाखतीनंतर अमेरिकन मुलाखतकाराला एका दिवसाच्या आत चार ओळींचा आभाराचा ई-मेल टाक, तिथे तशी पद्धत आहे. जर्मनांना छोटासा पाठवलास तरी चालेल, नाही पाठवलास तरी कुणी रुसणार नाही.

आणि रविवारपर्यंत मला तुझा प्रबंधाचा अनुभव रेकॉर्ड करून पाठव. तीन मिनिटांचा, दोनदा: एकदा अमेरिकन पॅनेलसाठी, एकदा जपानी. मी कागदावर रकाने आखून ठेवते.