समुद्रात पडलेला कार्बन आणि घरातले हमीपत्र

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी तिला 61 टक्के गुण मिळाले. आर्क्टिकमधील गोठलेले किनारे समुद्रात कोसळतात आणि त्यांतील कार्बन पाण्यात मिसळतो, या विषयात संशोधन करायचे तिने मनात घेतले आहे. जे समुद्रात पडले ते तळाशी गेले, त्यात शोधायचे काय? शिवाय बर्फ वितळून संपला की विषयही संपणार. आम्ही तिला एक वर्षाची मुदत दिली आहे. तेवढ्यात काही जमले नाही, तर ती निमूटपणे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला बसेल, असे तिच्याकडून लिहून घेतले आहे. आमचा निर्णय योग्य आहे ना? – एक पालक

(पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात : 'कोसळलेल्या किनाऱ्यातला किती कार्बन हवेत जातो आणि किती गाळात गाडला जातो, हे मोजतात कसे? यात रसायनशास्त्राचे काय काम असते?')

उत्तर : निर्णय योग्य नाही. तुमच्या पत्रातील 61 टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. 'लिहून घेतले आहे' हे शब्द वाचून मात्र मी थांबलो. सज्ञान मुलीकडून घरात हमीपत्र लिहून घेण्याची वेळ आपल्यावर का आली, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. त्या कागदात 'काही जमले नाही तर' असे म्हटले आहे, पण हे 'काही' म्हणजे काय, ते कोणी ठरवायचे? प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, की तुमचे समाधान? ज्या कराराची अट एकाच पक्षाला ठाऊक असते, त्यात दुसरा पक्ष फक्त हरू शकतो. त्यातही 'निमूटपणे' हा शब्द तुम्ही सहज वापरला आहे, आणि मला तो सर्वांत जास्त खटकला.

मुदतीचे म्हणाल, तर तुमचे एक वर्ष या विषयाच्या घड्याळात बसतच नाही. समुद्रावरील बर्फ हटलेला असतो ते उन्हाळ्याचे मोजके महिनेच क्षेत्रकार्याला मिळतात. त्या काळात आणलेल्या नमुन्यांचे विश्लेषण हिवाळाभर चालते आणि निष्कर्ष छापून यायला आणखी एकदोन वर्षे सहज जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थिनीने बारा महिन्यांत तुम्हाला दाखवावे असे त्यात काहीही नसते. अशी अट घालणाऱ्याने निकाल आधीच लावून ठेवलेला असतो.

आता तुमचा गैरसमज, कारण तोच या विषयाचा गाभा आहे. तुम्ही ज्यांना गोठलेले किनारे म्हणता, ती जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, आणि पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फ नव्हे. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सियस किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. जगाच्या किनाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश किनारे अशा जमिनीचे आहेत. अलास्कातील ड्र्यू पॉइंट येथे 2007 ते 2016 या काळात किनारा दरवर्षी सरासरी 17 मीटर मागे हटला, तर संपूर्ण आर्क्टिकची सरासरी वर्षाला अर्ध्या मीटरच्या आसपास धरली जाते. तिथे लाटा कड्याच्या पायथ्याशी आडवी खाच कोरतात, जमिनीत उभ्या रुतलेल्या बर्फाच्या पाचरींच्या रेषेवर वरचा भाग तडकतो आणि गवतमुळांसकट सबंध ठोकळा पाण्यात आडवा होतो. त्या मातीत हजारो वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अर्धवट कुजलेले अवशेष असतात. थंडीमुळे थांबलेले त्यांचे कुजणे आता पाण्यात पुन्हा सुरू होते. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड पाण्याची आम्लता वाढवतो, हवेतील वायू शोषून घेण्याची समुद्राची क्षमता घटवतो आणि काही अंशी थेट हवेत जातो. उरलेला कार्बन खनिजकणांना चिकटून तळाशी बसतो खरा, पण सायबेरियालगतचा समुद्र इतका उथळ आहे की वादळात तोच गाळ पुन्हा ढवळून वर येतो आणि जिवाणूंच्या तावडीत सापडतो. तेव्हा 'तळाशी गेले' हे या गोष्टीचे शेवटचे वाक्य नाही. पूर्व सायबेरियाच्या उथळ समुद्राविषयी 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने किनारा आणि समुद्रतळ यांच्या झिजेतून दरवर्षी सुमारे 4.4 कोटी टन जुना कार्बन मोकळा होतो, आणि त्यातला दोन तृतीयांश हवेत जातो, असा अंदाज मांडला. संपूर्ण आर्क्टिकच्या किनाऱ्यांसाठीचे इतर अंदाज मात्र वर्षाला 50 लाख ते 1.4 कोटी टन एवढेच आहेत. एका भागाचा आकडा सगळ्याच्या आकड्याहून मोठा निघतो, तिथे विषय संपण्याची चिंता पालकांनी करू नये.

मुलीलाही एक कटू गोष्ट सांगतो. खनिज इंधन जाळून माणूस दरवर्षी हजार कोटी टनांच्या आसपास कार्बन हवेत सोडतो, आणि त्यापुढे किनाऱ्यांचा हा वाटा फार लहान आहे. जग वाचवण्याच्या आवेशाने या विषयात येणारे लवकर कंटाळतात. हिशेब जुळत नाही म्हणून ज्याला झोप येत नाही, तो टिकतो. पत्राच्या तळाशी लिहिलेल्या तुझ्या दोन ओळी वेगळ्या वाटल्या, म्हणून त्यांचे उत्तर जरा सविस्तर देतो.

मोजणीची सुरुवात कार्बन कुठून आला हे ओळखण्यापासून होते. जमिनीवरील वनस्पती आणि समुद्रातील प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव) यांच्यात कार्बन-13 या कार्बनच्या जड प्रकाराचे प्रमाण वेगळे असते; कार्बन-14 या किरणोत्सारी प्रकाराचे अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) 5,730 वर्षे असल्यामुळे जुन्या गोठलेल्या मातीत तो जवळजवळ उरलेला नसतो, तर ताज्या प्लवकात तो भरपूर असतो. दोन्ही मोजले की गाळातील जुन्या किनाऱ्याचा वाटा निघतो. हवेत किती जाते, हे पाहण्यासाठी पाण्यात विरघळलेला वायू मोजतात; शिवाय किनाऱ्याची माती आणि समुद्राचे पाणी एका बंद बाटलीत थंड ठेवून, ठरावीक दिवसांनी वरच्या हवेचा नमुना सुईने काढून तपासतात. यात रसायनशास्त्राचे काय काम, असे तू विचारतेस, जवळजवळ सगळेच. मातीतील कार्बोनेट (चुनखडीसारखी खनिजे) आम्लाने आधी काढून टाकले नाही, तर तो खनिज कार्बनही सेंद्रिय म्हणून मोजला जातो. आम्ल जास्त झाले, तर सेंद्रिय पदार्थाचा काही भाग धुपून जातो. ज्या नमुन्यात कार्बन-14 मुळीच उरलेला नाही, त्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला तरी त्याचे वय सुमारे 37 हजार वर्षे दिसू लागते, म्हणून काचेची भांडी भट्टीत तापवून घेतात. या कामाचा मोठा भाग भांडी स्वच्छ ठेवण्याचा आणि कोरी चाचणी (नमुन्याशिवाय केलेली मोजणी) पुन्हा पुन्हा करण्याचा आहे. ध्रुवीय अस्वलाची छायाचित्रे फार थोड्यांच्या वाट्याला येतात.

प्रवेशाबाबत एक ओळ पुरे : एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा, पुढे पीएच.डी.साठी नेट किंवा गेट या परीक्षा. विषयासाठी पर्यावरणीय किंवा वैश्लेषिक रसायनशास्त्र निवडावे. 'हवामानबदल' असे नाव असलेल्या पदव्यांच्या मोहात मी तरी पडणार नाही, कारण त्यांतील काहींमध्ये उपकरणाला हातही लागत नाही. पर्माफ्रॉस्ट किनाऱ्यांवर जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटच्या पोट्सडाम शाखेत आणि स्टॉकहोम विद्यापीठात दीर्घकाळ काम चालले आहे. तेथील शोधनिबंधांतील 'पद्धती' हा भाग आधी वाचावा, निष्कर्ष नंतर.

पालकांना खरोखर काळजीच करायची असेल, तर थंडीची करू नये, सीमांची करावी. आर्क्टिकच्या किनाऱ्याचा निम्म्याच्या आसपास भाग रशियाचा आहे, आणि 2022 नंतर पाश्चात्त्य संस्थांचे तेथील सहकार्य बव्हंशी थांबले. सायबेरियाचा किनारा प्रत्यक्ष पाहण्याची संधी तुमच्या मुलीला मिळेलच असे नाही. तिला कदाचित कॅनडातील हर्शेल बेटावरची माती, पूर्वी काढून शीतगृहात ठेवलेले गाळाचे नमुने किंवा उपग्रहाची छायाचित्रे यांवर काम करावे लागेल. मात्र गाळातील कार्बन ओळखणारे हात कोणत्याही नदीच्या मुखाशी, कोणत्याही सरोवरात आणि पाणी तपासणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडतात, त्यामुळे आर्क्टिक हुकले तरी शिक्षण वाया जात नाही. एमबीएची प्रवेशपरीक्षा तर कुठेच पळून जात नाही, ती एम.एस्सी.नंतरही देता येते.

तो कागद तिला परत द्या. आणि पुढचे पत्र तिने स्वतः, वरच्या भागात, स्वतःच्या अक्षरात लिहावे : महाविद्यालयातील प्रयोगशाळेत मातीचा एक नमुना घेऊन त्यातील कार्बोनेट आम्लाने काढून पाहावे, तोच प्रयोग तीन वेळा करावा, आणि तिन्ही आकडे एकमेकांशी का जुळले नाहीत ते मला कळवावे.