सावंतवाडीतील मिशन कार्यालयात हिशेबनीस म्हणून रुजू होताना आधी काय पाहावे?

पुण्याहून बदलून येऊन हे काम स्वीकारताना आपण सर्वप्रथम संस्थेची विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी चालू आहे की नाही, हे पाहावे, कारण ती पाच वर्षांसाठीच असते आणि मुदतीत नूतनीकरण न झाल्यास परदेशातून मदत स्वीकारता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. तेथून ती संस्थेच्या सावंतवाडीतील बँकखात्यात वळवता येते, मात्र दुसऱ्या संस्थेला, मग ती शेजारच्या वेंगुर्ल्यातील भगिनीसंस्था का असेना, देता येत नाही. आपल्या दृष्टीने नाजूक भाग प्रशासकीय खर्चाचा आहे: त्याची मर्यादा २० टक्के असून शाळेतील शिक्षकांचे किंवा दवाखान्यातील डॉक्टरांचे वेतन त्यात धरले जात नाही, पण कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे, म्हणजे बहुधा आपलेही, धरले जाते. वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरावे लागते. अर्थात संस्था केवळ देशांतर्गत देणग्यांवर चालत असेल, तर यांपैकी काहीही लागू होत नाही.